ईएस-१७५ गिटारचं साल: विकणारा खरा की लेबल?

जर्सीकर: मंडळी, इथे न्यू जर्सीत एका घरसामानाच्या विक्रीत गिब्सन कंपनीची ईएस-१७५ गिटार हाती लागली. विकणारा छातीठोकपणे १९५३ सांगत होता. घरी आणून एफ-आकाराच्या भोकातून टॉर्च मारली, तर आत नारिंगी लंबगोल लेबल, नंबर ए-२२ हजारांतला. पिकअप (तारांचा आवाज टिपणारे चुंबकी भाग) दोन, पी-९० जातीचे. तारा ताणायच्या खुंट्यांची प्लास्टिकची बटणं तर हात लावला की भुगा! १९५३ मानू का?

जुनीतार: १९५३ विसरा. तेव्हा लेबल पांढरं असायचं, नारिंगी १९५५ पासून. तुमचा नंबर १९५६ चा. पी-९० शीही जुळतं, या मॉडेलवर हंबकर जातीचे पिकअप १९५७ मध्ये आले. बटणं नवी बसवा, पण जुन्या खुंट्या फेकू नका हो.

जर्सीकर: म्हणजे तीन वर्षांचे पैसे जास्त मोजले! शेजारच्याच्या गिब्सन एल-५ गिटारची वरची फळी कोरीव स्प्रूस लाकडाची, माझ्या गिटारची मेपलच्या प्लायची. तो नाक मुरडतो.

जुनीतार: मुरडू दे. अँपचा आवाज वाढवला की त्याची आधी घुमायला (फीडबॅक द्यायला) लागेल. जो पाससारख्या जॅझ गिटारवादकानंही १७५ वाजवली.

जर्सीकर: काल वाजवून बघितलं. त्याचीच घुमली!