साखरेच्या पाकात द्रावक कोण, साखर की पाणी?

चंचुपात्र: कमी असतं ते द्राव्य (विरघळणारं), जास्त असतं ते द्रावक (विरघळवणारं), असं आठवीच्या मुलांना सांगितलं. त्यावर एकीने विचारलं, गुलाबजामच्या पाकात पाण्याच्या दुप्पट साखर असली तर साखर द्रावक का? शिवाय १० टक्के मिठाच्या द्रावणासाठी १०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम मीठ टाकलं तर चुकतं का?

मोलभर: द्रावक पाणीच. आधी अवस्था बघायची, प्रमाण नंतर. साखर स्थायू, पाणी द्रव आणि झालेला पाकही द्रव. ज्याची अवस्था टिकली तो द्रावक. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर मावते (मीठ मात्र ३६ ग्रॅमच). वजनाचं दडपण वाटत असेल तर रेणू मोजा, मोलमध्ये (मोल म्हणजे रेणूंचा ठरावीक संख्येचा गठ्ठा; साखरेच्या एका मोलचं वजन ३४२ ग्रॅम, पाण्याच्या १८): साखर २०० ÷ ३४२ = ०.५८ मोल, पाणी १०० ÷ १८ = ५.५६ मोल. म्हणजे साखरेच्या एका रेणूमागे पाण्याचे साडेनऊ! कमी-जास्तचा नियम दोघांची अवस्था एकच असेल तेव्हाचा. पितळेत तांबं द्रावक, जस्त द्राव्य.

ब्युरेट: मिठाचं चुकतंच. एकूण वजन ११० ग्रॅम होतं, म्हणून ते ९.१ टक्केच भरतं. वजनी १० टक्क्यांसाठी ९० ग्रॅम पाणी घ्या. 'दर १०० मिलीत १० ग्रॅम' असं हवं असेल तर रीत वेगळी: मीठ चंचुपात्रात (बीकरमध्ये) ६०-७० मिली पाण्यात पूर्ण विरघळवा, १०० मिलीच्या मोजचंबूत (मानेवर खूण असलेल्या चंबूत) ओता, चंचुपात्र थोड्या थोड्या पाण्याने दोनदा विसळून तेही त्यातच घाला, मग खुणेपर्यंत पाणी भरा. विसळायचं राहिलं तर मीठ भांड्यालाच चिकटून राहतं. गरम केलं असेल तर आधी थंड होऊ द्या, नाहीतर निवल्यावर पातळी खुणेखाली उतरते.

चंचुपात्र: आणि ७० टक्के अल्कोहोल?

मोलभर: दोन्ही द्रव, अल्कोहोल जास्त, म्हणून नियमाने द्रावक तेच. पण इथे नावाला फारसा अर्थ नाही, दोन्ही कुठल्याही प्रमाणात मिसळतात.

ब्युरेट: करताना मात्र ७० मिलीत ३० मिली पाणी मोजून घालू नका. मिसळल्यावर आकारमान घटतं. ५० आणि ५० मिली मिळून ९६-९७ मिलीच होतात. शुद्ध इथेनॉल (म्हणजे हेच अल्कोहोल) ७० मिली घ्या, पाणी घालून १०० पर्यंत आणा.