पिक्सेल ९ए आत्ता घ्यावा की थांबावं? (ठाणे) सल्ला हवा

येऊरवाट

नमस्कार. नवीन फोन घ्यायचा आहे आणि मनाचा नुसता झोका झालाय. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपं जाईल.

सध्याचा फोन २०२० चा. त्याचे सुरक्षा अपडेट २०२३ मध्येच बंद झाले. मागच्या उन्हाळ्यात पडद्याच्या डाव्या बाजूला एक हिरवी उभी रेघ आली. फोन पडला नव्हता, भिजला नव्हता. सेवा केंद्रात पडदा बदलायचे साडेनऊ हजार सांगितले, आणि फोनच सोळा हजारांचा. तेव्हा तशीच रेघ घेऊन वर्ष काढलं. आता तिच्या शेजारी दुसरी आली आहे आणि यूपीआयचा पिन टाकताना नेमका एक आकडा तिच्याखाली जातो.

राहायला वर्तकनगर, ऑफिस रबाळे. रोज ट्रान्स हार्बर लोकलने. पावसाळ्यात दर रविवारी येऊरच्या डोंगरावर जाते आणि रानफुलांचे फोटो काढते. गेली सहा वर्षं एका वहीत तारीख, जागा आणि फोटो अशी नोंद ठेवतेय. फोनमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचं हेच. खेळ खेळत नाही, व्हिडिओ क्वचित. एकदा घेतला की पाच-सहा वर्षं तरी बदलायचा नाही.

१६ एप्रिल २०२५ पासून गूगलचा पिक्सेल ९ए आपल्याकडे मिळायला लागला. ८ जीबी रॅम, २५६ जीबी जागा, ४९,९९९ रुपये. सात वर्षं अपडेट मिळणार हे वाचून मोह झालाय. पण पन्नास हजार माझ्यासाठी खूप आहेत. आत्ताच घ्यावा, दिवाळीपर्यंत थांबावं, की सॅमसंगचा गॅलॅक्सी ए५६ बघावा?

नौपाडा_जुना

थांबा. नवा अँड्रॉइड फोन बाजारात आल्याच्या आठवड्यात घेऊ नये, हे मी घरात सगळ्यांना सांगतो. पिक्सेल ८ए मे २०२४ मध्ये ५२,९९९ ला आला होता आणि दिवाळीच्या सेलमध्ये बराच खाली उतरला. ९ए चंही तसंच होईल असं मला वाटतं. पाच-सहा महिने कळ काढली तर चांगली रक्कम वाचेल.

ऐरोलीखाडी

नौपाडा, एरवी मी तुमच्याच बाजूने बोललो असतो. पण ताईंची फुलं दिवाळीला नाहीत, जुलै-ऑगस्टला आहेत. एक पूर्ण पावसाळा त्या रेघांच्या फोनवर घालवायचा का, हा खरा प्रश्न आहे. शिवाय दोन वर्षांपूर्वी अपडेट थांबलेल्या फोनवर बँकेचे व्यवहार चाललेत, ते मला जास्त धोक्याचं वाटतं.

ए५६ माझ्या बायकोकडे आहे, मार्चमध्ये घेतला. ८/१२८ (जीबीत रॅम/जागा) ला ४१,९९९, ८/२५६ ला ४४,९९९. पडदा ६.७ इंची, मोठा आणि सुरेख. ४५ वॅटने पटकन चार्ज होतो. सहा वर्षं अपडेट. सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावायचा तर तो मोठा पडदा फार बरा पडतो. पण ठाण्याहून ८:४० च्या गाडीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने टाइप करायचं असेल तर तो हातात मावत नाही. पिक्सेल ६.३ इंची आहे, १८६ ग्रॅमचा. रोज उभ्याने प्रवास करणाऱ्याला हा फरक कळतो.

आणि एक. फोटोचा शौक फुलांपुरताच आहे ना? कारण मी ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो टिपायला फोन घेऊन गेलो होतो. गुलाबी ठिपक्यांपलीकडे काही आलं नाही. ९ए ला लांबचं जवळ आणणारी वेगळी टेलिफोटो लेन्स नाही, ए५६ लाही नाही. पक्षी हवे असतील तर दोन्ही विसरा.

येऊरवाट

पक्षी नकोत. नखाएवढी फुलं हवीत. गवताच्या पात्याला लगडलेली, वाऱ्यावर हलणारी, वर पाऊस भुरभुरतोय अशी.

ऐरोलीखाडी

मग ९ए च्या बाजूने एक मुद्दा: गूगलने ए मालिकेत मॅक्रो फोकस, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची सोय, पहिल्यांदाच यात दिलाय, आणि तो मुख्य ४८ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर चालतो. ए५६ मध्ये मॅक्रोसाठी वेगळा ५ मेगापिक्सेलचा छोटा कॅमेरा आहे. दुकानात दोन्ही शेजारी ठेवून बघाच.

दुरुस्तीकाका

ताई, मी स्टेशनजवळ चौदा वर्षं फोन दुरुस्त करतोय. कॅमेऱ्याचं मला कळत नाही, पण आतल्या भागांचं कळतं. तुम्हाला सहा वर्षं वापरायचाय म्हणून बॅटरीबद्दल नीट सांगतो, कारण खरेदी करताना हे कोणीच विचारत नाही.

९ए मध्ये बॅटरी हेल्थ असिस्टन्स नावाची सोय आहे. २०० चार्ज सायकल झाल्या की फोन बॅटरीचा कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने कमी करायला लागतो आणि हे १००० सायकलपर्यंत चालू राहतं. बॅटरी फुगू नये, लवकर बसू नये म्हणून. पण व्होल्टेज कमी म्हणजे एका चार्जवर फोन थोडा कमी चालणार. आणि ९ए वर ही सोय बंद करता येत नाही.

आता हिशेब करा. सायकल म्हणजे चार्जरला लावायची एक खेप नव्हे. एकूण १०० टक्के वापर झाला की एक सायकल. तुम्ही दिवसाला ६० टक्के वापरत असाल तर २०० सायकल साधारण अकरा महिन्यांत होतील आणि १००० व्हायला साडेचार वर्षं लागतील. म्हणजे अपडेट २०३२ पर्यंत येतील, पण बॅटरी त्याआधी थकणार. सहा वर्षं काढायची तर मध्ये एकदा बॅटरी बदलावीच लागेल. हे पिक्सेलचंच आहे असं नाही, लिथियमच्या कुठल्याही बॅटरीचं असंच. युरोपात तर २० जून २०२५ पासून नियमच लागू होतोय की ८०० सायकलनंतर बॅटरीची क्षमता निदान ८० टक्के उरली पाहिजे.

म्हणून फोन घेण्याआधी कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून जवळचं अधिकृत सेवा केंद्र कुठलं ते बघा आणि तिथे फोन करून बॅटरी बदलायचा खर्च विचारा. तो आकडा किमतीत मिळवा. मग पन्नास हजार परवडतात का ते ठरवा.

दुसरं, पावसाबद्दल. ९ए ला आयपी ६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) आहे, ए५६ ला आयपी ६७. दोन्ही मोजलेले असतात ते स्वच्छ पाण्यात. खाडीचं खारं पाणी आणि येऊरचा चिखल त्यात धरलेला नाही. माझ्याकडे दर जुलैत जे फोन येतात त्यातले निम्मे पाण्यात पडलेले नसतात. ओल्या पोर्टमध्ये चार्जर घातलेले असतात. पिना हिरव्या पडतात. भिजला तर पोर्ट खाली करून दोन-तीन तास तसाच ठेवा. तांदळात पुरू नका, त्याचा भुसा पोर्टमध्ये बसतो. आणि फोन एकदा उघडला की कडेची पाणी अडवणारी चिकटपट्टी नवी बसवायलाच लागते. बॅटरी कुठेही बदला, ती पट्टी नवी बसवली का हे विचारल्याशिवाय दुकानातून निघू नका.

येऊरवाट

काका, इतकं नीट मला दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. बॅटरीच्या खर्चाचं आजच विचारते.

घणसोली_से७

माझ्या मते दोन्ही महाग आहेत. 'नथिंग' कंपनीचा फोन ३ए प्रो बघा. ८/२५६ ला ३१,९९९. त्यात ३ पट झूमचा पेरिस्कोप (लांबचं जवळ आणणारा) कॅमेरा आहे, थोडं लांबूनही फुलाचा जवळून काढल्यासारखा फोटो येतो, आणि आपली सावली फुलावर पडत नाही. अठरा हजार वाचतात.

ऐरोलीखाडी

सावलीचा मुद्दा चांगला आहे. पण त्याला अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या तीनच वर्षं मिळणार, सुरक्षा अपडेट सहा वर्षं. आणि आयपी ६४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं. तीन वर्षांनी बदलणाऱ्याला मी तोच सुचवला असता. ताईंची गोष्ट वेगळी आहे.

हिशेबी

हप्त्यांवर घेणार असाल तर थोडं लिहितो. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे व्याज नाही असं नव्हे. बँक व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते, म्हणून बेरीज जमते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो आपल्याच खिशातून जातो.

४९,९९९ बारा महिन्यांवर, व्याजदर १६ टक्के धरला तर हप्ता सुमारे ४,१६७ आणि व्याज जवळपास ४,०८०. त्यावरचा जीएसटी ७३५ च्या आसपास. वर प्रक्रिया शुल्क, त्यावर परत जीएसटी. म्हणजे 'नो कॉस्ट' हजाराच्या घरात जातं. ही रक्कम फार मोठी नाही, पण आधी माहीत असलेली बरी. पैसे हाताशी असतील तर एकरकमी द्या आणि बँकेच्या कार्डावरची सूट वेगळी मिळते का ते विचारा. बरेचदा मिळते.

पेटीत चार्जर येत नाही, फक्त केबल येते. जुना चार्जर यूएसबी पीडी (झटपट चार्जिंगची पद्धत) चालणारा नसेल तर तोही खर्च धरा.

नौपाडा_जुना

तुम्ही सगळे ९ए कडे झुकलात. मी माझ्या मताला अजून धरून आहे, पण एक व्यवहारी गोष्ट सांगतो. एखादा ओळखीचा 'सीलबंद पेटी, पाच हजार कमी, बिल नाही' म्हणाला तर घेऊ नका. माझ्या भाच्याने असा घेतला, चार महिन्यांत माइक गेला, आणि बिल नसल्यामुळे वॉरंटीचा काही उपयोग झाला नाही.

कुठूनही घ्या, पैसे देण्याआधी फोनवर *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा. इंग्रजीत KYM लिहून, एक जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर १४४२२ वर एसएमएस करा. फोनची नोंद कशी आहे ते उत्तर येतं. सरकारच्या संचार साथी साइटवरही कळतं.

येऊरवाट

आज जाऊन आले. सांगितल्याशिवाय राहवेना.

जांभळी नाक्यावरून मोगऱ्याचा एक गजरा घेतला, दहा रुपयांचा, आणि तो ओंजळीत धरून शोरूममध्ये गेले. तिथला मुलगा आधी बघत राहिला. मग त्याला फुलांच्या वहीबद्दल सांगितलं तर त्यानेच काउंटरवरचा काळा कागद आणून खाली अंथरला. पाऊण तास त्याने मला दोन्ही फोन हाताळू दिले.

मोगरा पांढरा, वर शोरूमचे दिवे. माझ्या जुन्या फोनवर असं फूल नेहमी नुसता पांढरा गोळा येतं. ए५६ च्या मुख्य कॅमेऱ्यावर पाकळ्या वेगळ्या दिसल्या, रंगही छान. पण आणखी जवळ गेले की तो फोकस सोडत होता, आणि मॅक्रो लावला की तपशील उतरायचा. ९ए वर कळीच्या देठाशी जो हिरवट-पिवळा रंग असतो ना, तो आला. पाकळीच्या कडेला थोडी तपकिरी पडलेली होती, दुपारच्या उन्हाने, तीही आली. गजऱ्याचा दोरासुद्धा धाग्याधाग्याने दिसला. मी तो फोटो मोठा करून कितीतरी वेळ बघत बसले.

९ए चा कॅमेरा पाठीवर उंचवट्यासारखा येत नाही, टेबलावर फोन डुगडुगत नाही. हात नीट बसतो. अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत जवळजवळ पोचतो. मराठी टंकून पाहिलं, जोडाक्षरं स्वच्छ दिसतात.

न आवडलेलं: चार्जिंग २३ वॅटचंच आहे, ए५६ च्या निम्मं. आणि मोडेम (नेटवर्क पकडणारा भाग) महागड्या पिक्सेल ९ मधला नवा नाही, आधीच्या पिढीचा आहे. ठाणे सोडलं की दिघा गावापर्यंत माझा कॉल आत्ताही तुटतो, तिथे हा कसा वागेल ते दुकानात कसं कळणार?

ऐरोलीखाडी

त्या पट्ट्यात माझं एक कार्ड पकडतं, दुसरं सोडतं. फोन बदलण्याआधी ओळखीच्या कोणाचं दुसऱ्या कंपनीचं सिम घेऊन एक दिवस प्रवास करून बघा. बरेचदा दोष फोनचा नसतो, त्या जागी टॉवरचाच असतो.

गजऱ्याची युक्ती फार आवडली. फोनचं परीक्षण असं करावं हे मला कधी सुचलं नसतं.

दुरुस्तीकाका

चार्जिंग हळू आहे त्याचं वाईट वाटून घेऊ नका. हळू चार्ज होताना बॅटरी कमी तापते. रात्री लावून ठेवायची सवय असेल तर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावा, ९ए मध्ये ती सोय आहे. ५१०० एमएएचच्या ८० टक्क्यांत तुमचा ऑफिसचा दिवस निघेल. रविवारी येऊरला जायचं तर शनिवारी रात्री मर्यादा काढा. आणि आत्ता उन्हाचं बाइकवर किंवा रिक्षात फोन चार्ज करत नेऊ नका.

येऊरवाट

ठरलं. ९ए घेतेय, एकरकमी, येत्या शनिवारी. कार्डावरची सूट चालू आहे तोवरच. सेवा केंद्राला फोन केला होता, बॅटरीचा खर्च सांगितला आणि तो मी माझ्या हिशेबात सहा वर्षांवर वाटून धरला. वर्षाला नऊ हजारांच्या आसपास पडतंय. जुना फोन सोळा हजारांचा होता, पण त्यातली शेवटची दोन वर्षं मी त्याच्याशी झगडतच काढली, त्यामुळे आता हे पटलं.

नौपाडा, तुमचा सल्ला चुकीचा नव्हता. माझी फुलं दिवाळीपर्यंत थांबली असती तर मीही थांबले असते.

नौपाडा_जुना

पटलं. बिलावर आयएमईआय छापून घ्या आणि पेटीवरच्या नंबराशी ताडून बघा. जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका, रेघांमुळे काही किंमत येणार नाही. सहा वर्षांचे फोटो आधी दोन ठिकाणी उतरवा.

घणसोली_से७

पहिल्या पावसातला एखादा फोटो इथे टाका. माझाही विचार बदलायला लागलाय.

येऊरवाट

टाकते. जूनच्या दुसऱ्या रविवारी पाऊस असला तर पाटोणपाड्याच्या बाजूला जाणार आहे. आईने फोनसाठी जुन्या साडीची पिशवी शिवायला घेतलीय, आत प्लास्टिकचं अस्तर लावून.