मदत हवी आहे: नार्निया कोणत्या क्रमाने वाचावी?

मोठ्यांच्या वाचनगटासाठी सी. एस. लुईस यांची नार्निया ही सात पुस्तकांची काल्पनिक कथामालिका घेतोय. सगळे पहिल्यांदाच वाचणार आहेत. १९९४ पासूनच्या संचांवर कथाकाळानुसार क्रमांक असतात, म्हणजे 'द मॅजिशियन्स नेफ्यू' पहिलं. प्रत्यक्षात ते १९५५ साली, सहावं म्हणून आलं. त्यानेच सुरुवात केली तर 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'मध्ये मुलांना कपाटापलीकडच्या बर्फात दिसणारा दिव्याचा खांब कोडं राहतच नाही, आणि अस्लान या सिंहाचं नाव पहिल्यांदा ऐकताना त्या मुलांइतकंच अनभिज्ञ असण्यातली मजाही जाते. म्हणून आरंभ १९५० च्या या 'लायन'नेच, हे नक्की.

अडलंय ते 'द हॉर्स अँड हिज बॉय'पाशी. त्याचा काळ 'लायन'च्या शेवटच्या प्रकरणातल्या, त्या मुलांच्या राजवटीचा. पण 'द सिल्व्हर चेअर'मध्ये दरबारात तीच कथा ऐकवली जाते. मग ते आधी वाचलेलं बरं, की प्रकाशनक्रमाने नंतर?

आणखी एक. जुन्या अमेरिकन प्रतींत 'लायन'मधल्या लांडग्याचं नाव मॉग्रिमऐवजी फेनरिस उल्फ आहे, 'द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर'मधल्या काळोख्या बेटाच्या प्रसंगाचा शेवटही वेगळा आहे. गटात दोन्ही प्रती आल्या तर चर्चेला कोणत्या प्रतीतला मजकूर धरावा? मोठ्यांसोबत ही मालिका वाचलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.