गावतळ्याचा गाळ काढायचाय, पंचायत आणि मंडळाचं जमवायचं कसं?

मलप्रभाकाठ:
नमस्कार मंडळी, आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, तळ्यात गाळ एवढा साठलाय की मार्चलाच म्हशी डुंबायला पाणी उरत नाही. यंदा लक्ष्मी यात्रा झाली की युवक मंडळानं गाळ काढायचं ठरवलंय, शेतकरी आपापले ट्रॅक्टर घालायला तयार आहेत, जेसीबीच्या डिझेलचं तेवढं पंचायतीनं बघावं. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब तोंडी "करा की" म्हणतात पण कागदावर काही देईनात. तसंच सुरू करावं का?

भातवाला:
थांबा जरा. आधी तळं कुणाचं ते बघा, सर्व्हे नंबरचा उतारा काढा. आपल्याकडं 40 हेक्टरच्या वर भिजवणारं तळं लघु पाटबंधारे खात्याकडं असतंय, त्याखालचं जिल्हा पंचायतीकडं, अगदी बारकी गावतळी ग्रामपंचायतीकडं. पीडीओ लेखी देईनात म्हणजे कदाचित ते त्यांच्या हातातच नसेल, उगाच चिडू नका त्यांच्यावर. अर्ज कन्नडमधून द्या, सोबत मराठी प्रत जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. (मराठीत कागद मिळायचं भांडण आहेच की, पण ते पाऊस यायच्या आत मिटणार नाही.)

सुगरणताई:
ग्रामसभेत ठराव घालून घ्या बाबांनो, आणि त्यात साफ लिहा की मंडळाचं काम श्रमदानाचं आहे. माझ्या माहेरी महिला मंडळानं उन्हातान्हात पाट्या वाहिल्या, फोटो काढले, सगळीकडं वाहवा झाली आणि नंतर बघतो तर तेच काम रोजगार योजनेत दाखवून मजुरीचं बिल निघालेलं, हजेरीत नावं कुणाची तर जी कधी तळ्यावर फिरकली नाहीत त्यांची. त्यानंतर बायका पंचायतीच्या कुठल्याच कामाला येईनात. मजुरीचं काम आणि श्रमदान एका जागी करूच नका. डिझेलची पावती पंचायतीच्या नावावर, ट्रॉल्यांची वही मंडळाकडं.

मलप्रभाकाठ:
ठराव घालतो. पण एक मेंबर म्हणायलेत गाळ वीटभट्टीला विकू, डिझेल त्यातूनच सुटतंय.

जुना_ओव्हरसियर:
अजिबात नको. शेतात गेलेल्या गाळाबद्दल कुणी बोलत नाही, भट्टीला गेला की रॉयल्टी, परवाना, तक्रारी सगळं मागं लागतंय आणि मंडळात फूट पडती ती वेगळीच. दुसरं म्हणजे जेसीबीवाला तासावर असतो, तो थांबत नाही, म्हणून एक माणूस कायम उभा ठेवा. काळा गाळ संपून मुरूम लागला की बंद, खाली अजून खणलं तर पाणी झिरपून जातंय. बांधाच्या पायथ्याला बकेट लावायची नाही, चांगलं अंतर सोडा. आणि सांडव्याचं, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेचं तोंड आधी मोकळं करा, बहुतेक ठिकाणी तिथं कुणीतरी गवताची गंजी नाहीतर शेणखताचा ढीग घातलेला असतो. तो उचलायला लावायचं काम पंचायतीचं, मंडळानं त्यात पडू नये.