तारेचे आयईएम पहिल्यांदाच घेतले आहेत : डग्गा पातळ वाटतो आणि चालताना कानात धपधप होते

प्रश्न (कोथरूड)
नमस्कार. मी पहिल्यांदाच तारेचे आयईएम (इन-इअर मॉनिटर, म्हणजे कानाच्या नळीत बसणारे इअरफोन) घेतले आहेत. त्यांत एकच डायनॅमिक ड्रायव्हर (पडदा हलवून ध्वनी काढणारा भाग) असून तार कानामागून वळवून घालायची असते. वनाझहून रामवाडीपर्यंत मेट्रोने जाताना मी मुख्यतः ख्यालगायन ऐकते. गायकाचा श्वास आणि सारंगीचे बारकावे इतके स्पष्ट पूर्वी कधी ऐकले नव्हते. परंतु डग्गा आणि तंबोऱ्याचा खर्ज पातळ वाटतो, चालताना प्रत्येक पावलागणिक कानात धपधप होते आणि काही वेळाने डावा कान दुखू लागतो. फोनला इअरफोनची ३.५ मिमीची जागा नसल्याने टाईप-सी डोंगल (मधला जोडतुकडा) लावला आहे. दोष डोंगलचा आहे, आयईएमचा, की घालण्याच्या पद्धतीचा?

उत्तर (सदाशिव पेठ)
डोंगल बदलण्याआधी टिपा (कानात जाणारी मऊ टोपणे) बदलून पाहा. कानाची नळी पूर्ण बंद झाली नाही, तर सर्वांत आधी खर्जच निसटतो, आणि मग चांगला आयईएमही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. डावी टीप मोठी असल्यास ती आत न जाता तोंडाशीच अडते, म्हणजे कान दुखतो आणि फटही राहते. दोन्ही कानांच्या नळ्या सारख्याच असतात असे नाही, त्यामुळे डावीकडे लहान आणि उजवीकडे मध्यम टीप वापरण्यात काहीच गैर नाही. घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, म्हणजे नळी सरळ होते.

धपधपीची कारणे दोन असू शकतात. स्थिर उभे राहून तारेवर बोट आपटा. आवाज आला तर तार कपड्यांना घासल्याचा आवाजही तिच्यातून कानात येतो, तेव्हा हनुवटीखालची सरकपट्टी वर घ्यावी. तार हातात धरूनही पावले ऐकू येत असतील, तर तो हाडांतून येणारा आपल्याच शरीराचा आवाज आहे. नळी बंद झाल्याने तो बाहेर पडत नाही. टीप थोडी खोल बसल्यास कमी होतो, पूर्ण जात नाही.

उत्तर (औंध)
डोंगलविषयी थोडेसे. डिजिटल संकेताचे इअरफोनला लागणाऱ्या अॅनालॉग संकेतात रूपांतर करणारी चिप बहुतेकदा त्यातच असते, आणि एका डायनॅमिक ड्रायव्हरसाठी साधा डोंगलही सहसा पुरतो. डोंगलच्या आउटपुट इम्पीडन्सचा (विद्युत अवरोधाचा) प्रश्न अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (दुसऱ्या प्रकारचे चिमुकले ड्रायव्हर) असलेल्या आयईएममध्ये अधिक जाणवतो, कारण त्यांचा इम्पीडन्स कंप्रतेनुसार बराच बदलतो आणि त्यामुळे ध्वनीचा तोलही ढळतो. तुमच्या बाबतीत मी नव्या डोंगलवर पैसे घालणार नाही.

उत्तर (हडपसर)
मला आवाजाच्या पातळीविषयी कळकळीने सांगावेसे वाटते. टीप नीट बसली की मेट्रोच्या डब्यातला गोंगाट पुष्कळ कमी होतो, म्हणून आवाज आधीपेक्षा खाली ठेवता येतो आणि तो ठेवावाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. मात्र स्थानकातून बाहेर पडून रस्ता ओलांडताना दोन्ही कान मोकळे असू द्यावेत.

आपल्याकडच्या पावसाळ्यात आयईएम खिशात न ठेवता, कोरडे पुसून सिलिका जेलच्या पुडीसह डबीत ठेवावेत. आयईएमच्या जाळीवरचा मळ काढताना जाळीची बाजू खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झटकावा; पाणी किंवा टाचणी वापरू नये. तार आयईएमपासून सुटी होणारी असेल, तर काढताना ती न ओढता जोडणीचा कडक भाग धरावा, कारण तिच्या टोकाच्या ०.७८ मिमीच्या पिना सहज वाकतात.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनःपूर्वक आभार. डावीकडे लहान टीप लावल्यावर डग्ग्यावरची मींड नीट ऐकू आली आणि दुखणेही थांबले. तारेवर बोट आपटल्यावर आवाज येत नाही, म्हणजे उरलेली धपधप पावलांचीच आहे. त्यासाठी फोमच्या टिपा घ्याव्यात का?

उत्तर (सदाशिव पेठ)
घेऊन पाहाव्यात. फोम नळीच्या आकारानुसार फुगतो, म्हणून खोल बसवणे सोपे जाते. मात्र उंच स्वरांतली धार किंचित मवाळ होते आणि घामाने तो लवकर खराब होतो. सारंगीसाठी मी सिलिकॉनच ठेवेन.