एनजीसी १०६८: केंद्रात एचसीएन (हायड्रोजन सायनाइड) जास्त, म्हणजे दाट वायू जास्त असं म्हणता येईल का?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी एनजीसी १०६८ (एम ७७) या सक्रिय दीर्घिकेतला दाट रेण्विक वायू बघतेय. अंतर सुमारे ४.७ कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे आकाशातला एक आर्कसेकंद कोन जवळपास ७० पार्सेक (सुमारे २३० प्रकाशवर्षं). त्यामुळे कृष्णविवराभोवतीची वायूची तबकडी आणि बाहेरचं तारेनिर्मितीचं कडं वेगवेगळं दिसतं. मला हव्या त्या रेषा ८९ गिगाहर्ट्झच्या आसपास आहेत; खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण एवढ्या वारंवारतेला पोचत नाही, म्हणून चिलीतल्या आल्मा दुर्बिणीच्या संग्रहातला खुला डेटा घेतलाय.

८८.६३ गिगाहर्ट्झची एचसीएन आणि ८९.१९ ची एचसीओ प्लस (फॉर्मिल आयन), दोन्ही रेषा कासा या सॉफ्टवेअरमध्ये एकाच बीमवर (म्हणजे सारख्याच बारकाव्यावर) आणल्या, केल्व्हिनमध्ये बदलल्या, ३ सिग्माखालचे (गोंगाटाच्या तिपटीहून क्षीण) पिक्सेल गाळले आणि एचसीएनला एचसीओ प्लसने भागलं. कड्यात गुणोत्तर १ च्या आसपास येतं, केंद्राकडे मात्र चढत जातं.

खरी अडचण इथून पुढे आहे. गाओ आणि सॉलोमन यांनी २००४ मध्ये एचसीएन आणि अवरक्त तेज यांचं सरळ रेषेतलं नातं दाखवलं, तेव्हापासून एचसीएन म्हणजे दाट वायूचं मोजमाप असं धरतात. पण केंद्रात क्ष-किरण आहेत, धक्कालहरी आहेत, वायू तापलेला आहे. या सगळ्यांनी एचसीएनचं प्रमाणच वाढू शकतं. शिवाय १४ मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश त्याला वेगळ्या वाटेने उत्तेजित करतो. मग माझा नकाशा घनता दाखवतोय की रसायन? सर म्हणतात, "घनता जास्त" असं लिहून टाक. मला ते पटत नाही, पण खोडून काढायला पुरावा हवा.

दुसरं म्हणजे, माझ्याकडे फक्त १२ मीटरच्या अँटेनांचा डेटा आहे. त्यांच्यातल्या अंतरांमुळे कड्यातला पसरलेला प्रकाश हरवला असेल, तर गुणोत्तर किती बिघडेल?

प्रतिसाद: दुसरं आधी. दोन्ही वारंवारता इतक्या जवळ आहेत की एकाच निरीक्षणातल्या असतील तर हरवलेला भाग साधारण सारखाच, चिंता नको. सीओशी (कार्बन मोनॉक्साइडशी) तुलना करशील तेव्हा मात्र जप. घनतेबद्दल एका गुणोत्तरावर काहीच ठरवू नकोस. ३५४.५ गिगाहर्ट्झची एचसीएन ४-३ रेषा (चौथ्या ऊर्जापातळीवरून तिसरीवर येतानाची) घे, ८६.३४ ची कार्बन-१३ वाली एचसीएन मिळाली तर अपारदर्शकताही कळेल.

मूळ लेखिका: खूप आभार! ४-३ चा डेटा सापडला, पण त्याचा बीम बराच बारीक आहे. १-० च्या (८८.६३ गिगाहर्ट्झच्या रेषेच्या) बीमपर्यंत पसरवला तर चालेल, की आधी यूव्ही अंतरंही (अँटेनांच्या जोड्यांमधली अंतरं, तरंगलांबीत मोजलेली) जुळवून घ्यावी लागतील?