मदत हवी आहे: संशोधनपद्धती नेमकी कशावरून ठरवायची?

नमस्कार मंडळी,

समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. लघुप्रबंधाचा विषय: रुग्णालयात कायम रात्रपाळी करणाऱ्या कर्मचाऱ्यांचं घरातलं स्थान. विषय मंजूर झालाय, गाडी पद्धतीपाशी अडली आहे. मार्गदर्शकांचं म्हणणं, प्रश्नावली काढ, भरून घे, तक्ते कर, वेळेत मोकळी हो. पण दिवसा झोपलेल्या माणसाला घरातलं कोण उठवतं, कशासाठी उठवतं, आणि कोणाला मुळीच उठवलं जात नाही, हे 'नेहमी / कधीकधी / कधीच नाही' या चौकटींत कसं बसवायचं?

पद्धत निवडताना बघायचे व्यावहारिक, नैतिक आणि सैद्धांतिक असे तीन घटक पुस्तकांत दिलेले असतात. परीक्षेत लिहायला ठीक आहे. पण तिघं तीन दिशांना ओढू लागले तर कोणाचं ऐकायचं? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल डरखाइमने आत्महत्येच्या अभ्यासात (१८९७) सरकारी आकडेवारी घेतली. सामाजिक तथ्यं (माणसावर बाहेरून दबाव आणणाऱ्या समाजातल्या रीती, नियम, प्रवाह) वस्तूंसारखी अभ्यासावीत ही भूमिका होती म्हणून घेतली, की तीच हाताशी होती म्हणून? मोठ्या अभ्यासकांचं हे प्रत्यक्षात कसं ठरतं, जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

दोन्ही कारणं खरी, पण त्याआधी डरखाइमचा प्रश्न बघा. एखाद्याने जीव का दिला हे तो विचारतच नव्हता. निरनिराळ्या समाजांत आत्महत्येचं प्रमाण वेगळं का, आणि वर्षानुवर्षं बरंचसं स्थिर का, हे त्याला हवं होतं. त्याला आकडेच लागणार. पुढे १९६७ मध्ये जॅक डग्लस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने त्या आकड्यांवरच बोट ठेवलं. मृत्यूची नोंद 'आत्महत्या' अशी करायची की नाही हे अधिकारी ठरवतात, आणि जिथे घरचे-नात्यातले जवळ असतात तिथे ती लपवली जाण्याची शक्यता जास्त. म्हणजे ज्या एकोप्यामुळे आत्महत्या कमी होतात असं डरखाइम म्हणतो, त्याच एकोप्यामुळे निदान काही अंशी त्या कमी *नोंदल्या* जात असतील! डग्लसचा कल माणसं एखाद्या कृतीला काय अर्थ देतात ते शोधण्याकडे, म्हणून त्याला हे दिसलं. सिद्धांत असा आत शिरतो.

तुमचा प्रश्न 'किती जणांना' असा नाही, 'कसं' असा आहे. तेव्हा मुलाखती. मार्गदर्शकांना हे प्रश्नाच्या अंगाने पटवा, आवडीच्या अंगाने नको.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण वेळ आणि पैसा इतक्या सहज बाजूला सारू नका. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम फूट व्हाइट अभ्यासासाठी बॉस्टनच्या इटालियन वस्तीत काही वर्षं राहिला, तिथली भाषा शिकला, कारण हार्वर्डची फेलोशिप पाठीशी होती. लघुप्रबंधाला ती चैन नसते. अनुदान देणारे आकडे मागतात, तिथेही निम्मी निवड आधीच झालेली असते.

आणि प्रवेश कोणाच्या हातून मिळतो ते नीट बघा. व्यवस्थापनाच्या परवानगीने वॉर्डात शिरलात तर कर्मचारी तुम्हाला साहेबांचं माणूस समजणार, आणि दिवसा झोप होत नाही हे कोणीही कबूल करणार नाही. ओळखीतून एकेक माणूस जोडत गेलात तर मोकळं बोलतील, पण नमुना (अभ्यासासाठी निवडलेली माणसं) एकाच गोतावळ्याचा होईल. मी दुसरा धोका पत्करेन आणि प्रबंधात तसं स्पष्ट लिहीन.

नैतिक बाब शेवटी सही घेण्यापुरती ठेवू नका. लॉड हम्फ्रीज या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने सार्वजनिक स्वच्छतागृहांतल्या पुरुषांच्या लैंगिक संबंधांचं ओळख लपवून निरीक्षण केलं, गाड्यांच्या क्रमांकांवरून त्यांचे पत्ते काढले आणि पुढे वेश बदलून आरोग्य सर्वेक्षणाच्या नावाखाली त्यांच्या घरी गेला. १९७० च्या त्या अभ्यासातून मिळालेली माहिती दुसऱ्या मार्गाने क्वचितच मिळाली असती. तरी असं करू नये असंच माझं ठाम मत आहे. तुमच्या विषयात घरातल्या इतरांबद्दलही बोललं जाणार, त्यांची संमती कोण घेणार?

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. घरच्यांच्या संमतीचा मुद्दा माझ्या आराखड्यात नव्हताच, तो आधी घालते. आता मोजक्या लोकांच्या सविस्तर मुलाखती, आणि सोबत आठवडाभर झोपेची रोजनिशी, असं मांडणार आहे. झोप कधी मोडली आणि कोणामुळे, एवढंच त्यात लिहायचं. मार्गदर्शकांना हवा तो तक्ताही त्यातून निघेल. पण रात्रभर काम करून थकलेला माणूस रोज लिहील का? कोणी अशी रोजनिशी वापरली असेल तर ती लोकांकडून कशी भरून घेतली, ते सांगाल का?